भाग जातो ६४१ ने

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. मोबाइल नंबराइतकी लांब, दहा अंकी संख्या. नुसती पाहिली तर लक्षात राहावे असे तिच्यात काही नाही. एकक स्थानी ७ आहे, तेव्हा २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, तेव्हा ३ आणि ९ बाद. एकाआड एक अंक घेऊन केलेल्या दोन बेरजा ३८ आणि २१, फरक १७, तेव्हा ११ ही बाद. शाळेत शिकवलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या इथे संपतात आणि संख्या जिथल्या तिथे राहते. ती मूळ आहे की संयुक्त, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणी विभाजक आहे की नाही, याचा काहीच पत्ता लागत नाही. आता हीच संख्या दुसऱ्या वाटेने गाठू. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याने राजाकडे मागितलेल्या बक्षिसाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी प्रत्येक घराला दुप्पट. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरे, संपवून तेहेतिसाव्या घरावर आलो की तिथे २ चा ३२ वा घात इतके, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ दाणे ठेवावे लागतात. त्यांवर आणखी एकच दाणा टाकला की आपली संख्या तयार. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती लिहायची तर आधी १, मग एकतीस शून्ये, शेवटी १. दशमान आकड्यांच्या गर्दीत लपलेला सांगाडा इथे उघडा पडतो.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की मोठ्या संख्येचा स्वभाव तिच्या आकड्यांत शोधू नये, घडणीत शोधावा. घडण हाती लागली की अब्जांतली संख्याही कागदाच्या कपट्यावर हाताळता येते. आणि घडणीकडे पाठ फिरवून, आधीच्या चार-पाच उदाहरणांत काय झाले यावरच भिस्त ठेवली, तर स्वतःच्या काळातला सर्वांत तल्लख गणितीही फसतो. दोन्हींचा पुरावा ही एकच संख्या देते, कारण ती जवळजवळ शंभर वर्षे मूळ संख्या म्हणून मिरवली आणि मग एका तीन अंकी संख्येने तिचे बिंग फोडले.

मिरवणूक काढणारा होता प्येर द फर्मा. फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायसभेत हा सल्लागार. गणित ही त्याची हौस, आणि ती बहुतांशी पत्रांतून चाललेली. १६४० मध्ये त्याने आपल्या पत्रमित्रांना एक निरीक्षण कळवले. २ चा पहिला घात अधिक १ म्हणजे ३, दुसरा घात अधिक १ म्हणजे ५, चौथा घात अधिक १ म्हणजे १७, आठवा घात अधिक १ म्हणजे २५७, सोळावा घात अधिक १ म्हणजे ६५,५३७. पाचही मूळ संख्या. घातांक दर वेळी दुप्पट होतो. तेव्हा पुढची, ३२ व्या घाताची, आपली संख्याही मूळ असणार, तिच्या पुढची ६४ व्या घाताचीही, आणि असे अखंड. घातांक असेच का घ्यायचे, याचे कारण पक्के आहे. घातांकाला १ हून मोठा विषम विभाजक असला तर २ चा तो घात अधिक १ ही संख्या हमखास फुटते. १२ हा घातांक घ्या. १२ मध्ये ३ लपलेला आहे, म्हणून २ चा १२ वा घात अधिक १, म्हणजे ४,०९७, या संख्येला २ चा चौथा घात अधिक १, म्हणजे १७, हा विभाजक मिळतो (१७ गुणिले २४१). तेव्हा मूळ संख्या मिळालीच तर ती १, २, ४, ८, १६, ३२ अशा घातांकांवरच मिळेल. इथवर सिद्धता आहे. पण ‘मिळालीच तर इथेच मिळेल’ आणि ‘इथे प्रत्येक ठिकाणी मिळेल’ ही दोन वाक्ये दिसायला शेजारी, अर्थाने फार लांबची आहेत. सिद्धता हाती नाही, हे फर्माने पत्रांत कबूल केले होते. विश्वास मात्र ढळला नाही. १६५४ मध्ये ब्लेझ पास्कालला लिहितानाही तो या विधानाची सिद्धता शोधण्याबद्दलच बोलत होता, विधान खरे की खोटे याबद्दल नव्हे.

फर्माच्या बाजूने कोणी म्हणेल की त्या काळी यंत्रे नव्हती, चार अब्जांच्या घरातली संख्या कोण भागत बसणार? हा बचाव वरवर रास्त वाटतो, पण टिकत नाही. एखादी संख्या मूळ आहे हे भागून भागून ठरवायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ६५,५३७ साठी असे ५४ भागाकार पुरतात. आपल्या संख्येसाठी ६,५४२ लागतील, आणि ते खरोखरच एका माणसाच्या आवाक्यातले काम नव्हे. पण हा खर्च संख्या मूळ निघाली तरच पूर्ण भरावा लागतो. संयुक्त निघाली तर पहिला विभाजक सापडताच काम थांबते, आणि इथला पहिला विभाजक ६४१ ही क्रमाने ११६ वी मूळ संख्या आहे. म्हणजे डोके अजिबात न चालवता, २, ३, ५, ७ असे ओळीने भागत गेले तरी ११६ भागाकारांत निकाल लागला असता. चिकाटीच्या माणसाला हे काम आठवड्याभराचे, फार तर.

आणि फर्माला डोके न चालवण्याची गरजच नव्हती. त्याच वर्षी, १६४० मध्येच, त्याने आज ‘फर्माचे लहान प्रमेय’ म्हणून ओळखला जाणारा नियम कळवला होता. एखादी मूळ संख्या घ्या, समजा सात. २ चे घात एकामागून एक ७ ने भागत गेलो तर बाकी येते २, ४, १, २, ४, १. बाकींचे चक्र तीनाचे आहे, आणि ३ ने ६ ला, म्हणजे सातातून एक वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येला, पूर्ण भाग जातो. कोणतीही विषम मूळ संख्या घेतली तरी हेच घडते: चक्राची लांबी ‘मूळ संख्या वजा १’ हिला नि:शेष भागते. आता समजा, एखादी मूळ संख्या आपल्या चार अब्जवालीला भागते. मग २ चा ३२ वा घात तिने भागला की बाकी उणे १ येणार, आणि त्याचा वर्ग, म्हणजे ६४ वा घात, भागला की १. याचा अर्थ चक्र बरोबर ६४ चे. म्हणून त्या विभाजकातून १ वजा केला की ६४ ची पट उरलीच पाहिजे. सगळे उमेदवार ६५, १२९, १९३, २५७ अशा एकाच माळेतले. त्यांतले ६५ आणि १२९ यांसारखे संयुक्त मणी काढून टाकले तर ६४१ पर्यंत फक्त पाच उरतात: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. भागाकार पाच. बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ०.

हे हत्यार फर्माकडे नुसते ठेवलेले नव्हते, त्याने ते वापरलेले होते. त्याच काळात त्याने २ चा ३७ वा घात वजा १ ही, म्हणजे १३७ अब्जांच्या वरची संख्या २२३ ने फोडून दाखवली होती, आणि तीही अशीच, ७४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या उमेदवारांतून. मग आपल्या लाडक्या विधानाची पहिली शंकास्पद पायरी त्याने तपासली नाही, हे पटत नाही. माझा अंदाज असा की त्याने पाच भागाकार केले असणार आणि शेवटच्यात हातचा चुकला असणार. असा भागाकार कोणी दुसऱ्यांदा तपासत नाही, कारण अपेक्षित उत्तर आलेले असते. न जुळणारे उत्तर आले की आपण चूक शोधतो, जुळणारे आले की वही मिटतो. फर्माच्या हातात पाच उदाहरणांचा नमुना होता, आणि त्या नमुन्याने त्याच्याकडून वही मिटवून घेतली असावी.

वही पुन्हा उघडली ती रशियात. डिसेंबर १७२९ मध्ये क्रिस्टियान गोल्डबाखने तरुण लिओनार्ड ऑयलरला एका पत्राच्या शेवटी सहज विचारले की फर्माचे हे निरीक्षण तुला ठाऊक आहे का. ऑयलरने आधी फारसा उत्साह दाखवला नाही. मग विषय डोक्यात शिरला, आणि १७३२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडून टाकले की ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. विभाजक कसा सापडला ते त्या लेखात सांगितलेच नाही. ६४ च्या पटीचा नियम त्याने सुमारे पंधरा वर्षांनी, १७४७ मध्ये सिद्धतेसह मांडला. पुढे १८७८ मध्ये एद्वार ल्यूकाने तो आणखी आवळला: विभाजक ६४ च्याच नव्हे, १२८ च्या पटीत १ मिळवून आलेला असला पाहिजे. तेव्हा ६४१ पर्यंत उमेदवार उरतात दोन, २५७ आणि ६४१. दुसराच घाव वर्मी. ऑयलरने दिलेला दुसरा अवयव ६७,००,४१७ स्वतः मूळ आहे, हेही या चाळणीतून पाच-सहा भागाकारांत ठरते, कारण त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंत, १२८ च्या माळेत मूळ संख्या आहेत फक्त २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९, आणि पाचांपैकी एकीनेही भाग जात नाही.

याहून गंमतीची गोष्ट म्हणजे ६४१ ने भाग जातो हे दाखवायला भागाकारच करावा लागत नाही. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहा. एक: ५ गुणिले १२८ अधिक १. दोन: ६२५ अधिक १६. यांत १२८ हा २ चा सातवा घात, ६२५ हा ५ चा चौथा घात आणि १६ हा २ चा चौथा घात. पहिली ओळ सांगते की ५ आणि २ चा सातवा घात यांचा गुणाकार ६४१ च्या हिशेबात उणे १ च्या बरोबरीचा आहे. त्याचा चौथा घात करा: ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. आता दुसऱ्या ओळीकडे या. ती म्हणते की ५ चा चौथा घात म्हणजे उणे २ चा चौथा घात. तो तिथे बसवला की उणे २ चा ३२ वा घात बरोबर १, म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १ बरोबर शून्य. संपले. दहा अंकी संख्या आली नाही, हातचा आला नाही. घडण म्हणतो ती ही.

दुसरी एक वाट आपल्याकडच्या गणिताला येऊन मिळते. आपली संख्या म्हणजे ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग; हे तर तिच्या रचनेतच दिसते. फर्माचाच आणखी एक सिद्धांत असा की ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि एकाच प्रकारे लिहिता येते. तेव्हा दुसरा प्रकार सापडला तर संख्या मूळ नाही. आणि तो सापडतो: ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. एक ३,८७,६८,०५,६९६, दुसरा ४१,८१,६१,६०१, बेरीज नेमकी आपली. हे कुठून आले? ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७,००,४१७ म्हणजे २,५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीजच असतो, आणि तो दोन प्रकारे मांडता येतो. या नित्यसमानतेची एक झलक डायोफँटसकडे दिसते, पण तिचे व्यापक रूप ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिले, आपल्या परंपरेत तिला ‘भावना’ म्हणतात. तिरकस गुणाकार करून पाहा. २५ गुणिले २,५५६ म्हणजे ६३,९००. ४ गुणिले ४०९ म्हणजे १,६३६. बेरीज ६५,५३६. २५ गुणिले ४०९ म्हणजे १०,२२५. ४ गुणिले २,५५६ म्हणजे १०,२२४. वजाबाकी १. झाली पहिली जोडी. आता जिथे बेरीज केली तिथे वजाबाकी आणि वजाबाकीच्या जागी बेरीज करा: ६२,२६४ आणि २०,४४९. झाली दुसरी. १०,२२५ आणि १०,२२४ यांच्यात बरोबर एकाचाच फरक यावा, हे पहिल्यांदा पाहताना योगायोग वाटते. पण तो १ म्हणजे २ च्या ३२ व्या घातावर टाकलेला तो शेवटचा दाणाच आहे. तो यायलाच हवा होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खणत बसले तर कोणत्याही संख्येत काही ना काही सापडतेच. मग हिचे एवढे कौतुक का? मराठी वाचकाला या ठिकाणी द. रा. कापरेकर आठवतील. देवळालीच्या या शाळाशिक्षकाने ६१७४ या संख्येचा गुण जगापुढे आणला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा, आणि फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन अडकाल. हा गुण खरा आहे आणि मोहक आहे. पण तो ६१७४ या राशीचा जितका आहे तितकाच आपल्या दशमान लिपीचाही आहे. माणसाला आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर त्याच राशीला हे सिंहासन मिळाले नसते. ६४१ चा भाग मात्र तरीही गेला असता. तो आकडे कसे लिहिले यावर अवलंबून नाही. दाण्यांचा ढीग ६४१ सारख्या वाट्यांत वाटला तर एकही दाणा उरणार नाही, इतका तो ठोस आहे. कापरेकरांच्या संख्येला मी कमी लेखत नाही, दोन जातींचे गुण वेगळे ठेवावेत इतकेच म्हणतो. शिवाय आपल्या संख्येबद्दल वर सांगितलेल्या गोष्टी विखुरलेल्या नाहीत. १२८ ची माळ, ६४१ चे दुहेरी लेखन, वर्गांच्या दोन जोड्या, सगळे ‘२ चा ३२ वा घात अधिक १’ या एकाच वाक्यातून निघते. खणून सापडलेल्या चमत्कारांना असे एक मूळ नसते.

तिचे शेजारीही हेच सांगतात. तिच्यातून २ वजा करा: ४,२९,४९,६७,२९५. बुद्धिबळाच्या पहिल्या बत्तीस घरांतल्या दाण्यांची ही बेरीज, आणि तीच ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचांचा गुणाकारही. फर्माची प्रत्येक संख्या ही तिच्या आधीच्या साऱ्यांच्या गुणाकाराहून बरोबर २ ने मोठी असते. मघाशी २५७ ने भागल्यावर २ उरले होते ते यामुळेच. यातून हेही निघते की फर्माच्या कोणत्याही दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो, आणि त्यावरून मूळ संख्या अनंत आहेत याची एक सुटसुटीत सिद्धता गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला कळवली. विधान फसले, पण फसलेल्या विधानाच्या संख्यांनी युक्लिडच्या प्रमेयाला नवी वाट दिली. पुढे १७९६ मध्ये एकोणीस वर्षेही पुरी न झालेल्या कार्ल फ्रीडरिश गाउसने दाखवले की फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुकोन काढता येतो. त्याने आणि १८३७ मध्ये प्येर वान्त्सेलने पूर्ण केलेल्या उत्तरानुसार, विषम बाजूंचा असा बहुकोन काढता येतो तो बाजूंची संख्या फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तेव्हाच. आज माहीत असलेल्या अशा मूळ संख्या पाचच, म्हणून काढता येण्याजोगा, विषम बाजूंचा, ज्ञात असलेला सर्वांत मोठा बहुकोन ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. आपली संख्या मूळ निघाली असती तर ही यादी इथे थांबली नसती. आणि मधली ४,२९,४९,६७,२९६? इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांत बत्तीस द्विमान अंकांचे पत्ते असल्याने एकूण पत्ते इतकेच होते, आणि जगभर वाटण्यासाठी राखलेला त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला.

आता संगणकाचा विषय निघालाच आहे, तर आजचा सर्वांत सोपा आक्षेप घेऊ. हातातला फोन ६,५४२ भागाकार डोळ्याचे पाते लवायच्या आत करील; मग चक्रे, माळा, भावना यांची मातब्बरी काय? (फोनच कशाला, झेरा कोलबर्न नावाच्या आठ वर्षांच्या अमेरिकन मुलाने १८१२ मध्ये लंडनमध्ये ही संख्या तोंडी फोडल्याची नोंद आहे.) उत्तर असे की फर्माच्या यादीत अंक दर पायरीला दुपटीच्या आसपास वाढतात आणि नुसत्या भागाकाराचा खर्च दर पायरीला स्वतःच्याच वर्गाच्या हिशेबाने वाढतो. २ चा १२८ वा घात अधिक १ ही संख्या ३९ अंकी. ती संयुक्त आहे हे १९०५ मध्ये सिद्ध झाले, पण तिचे अवयव हाती आले १९७० मध्ये. मधली पासष्ट वर्षे गणितज्ञांना पक्के ठाऊक होते की ती फुटते, कुठे फुटते ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

विभाजक न सापडता संख्या फुटते हे कळते कसे, हा प्रश्न आपल्याच संख्येवर सोडवून पाहण्यासारखा आहे. लहान प्रमेय सांगते की आपली संख्या मूळ असेल तर ३ चा ‘ती वजा १’ इतका घात तिने भागल्यावर बाकी १ यावी. घातांक ४,२९,४९,६७,२९६ हा भयंकर दिसतो, पण तो २ चा ३२ वा घात आहे, म्हणून ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा वर्ग, असे फक्त बत्तीस वेळा करायचे आणि दर वेळी बाकी तेवढी ठेवायची. बत्तीस पायऱ्यांनी बाकी येते ३,०२,९०,२६,१६०. ती १ नाही, म्हणून संख्या मूळ नाही. विभाजकाचे नावही कळले नाही आणि निकाल मात्र अटळ. १८७७ मध्ये पेपँ या गणितज्ञाने या विचाराला धार देऊन फर्माच्या संख्यांसाठी नेमकी कसोटी बनवली. इथे एक सापळाही आहे. ३ ऐवजी २ घेतला असता तर बाकी १ च आली असती, कारण २ चे चक्र ६४ चे आणि ६४ ने त्या घातांकाला पूर्ण भाग जातो. फर्माच्या यादीतली प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, २ च्या कसोटीला उतरते. फर्माने आपल्या विधानाची ही कसोटी २ घेऊन लावून पाहिली असती तर त्याचा विश्वास उलट वाढला असता, आणि पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य असती.

राहता राहिला फर्माचा सर्वांत समंजस बचाव: ओळीने पाच उदाहरणे जुळली तर माणसाने सहावे मानू नये का? मानावे, पण जुळणारी उदाहरणे किती हलकी आहेत हे तोलून. ३, ५, १७ या आकाराच्या विषम संख्यांत मूळ संख्या मुळातच दाट असतात. त्यांचे मूळ निघणे हा नवलाचा भाग नाही, म्हणून तो पुरावाही नाही. संख्या जसजशी वाढते तशी मूळ संख्यांची दाटी तिच्या अंकसंख्येच्या प्रमाणात विरळ होत जाते, आणि या यादीत अंक दुपटीने वाढतात. म्हणजे मूळ निघण्याची आशा दर पायरीला निम्मी. अशा निम्म्या-निम्म्या आशांची सारी बेरीज केली तरी ती एका छोट्या संख्येच्या पुढे जात नाही. या हिशेबावरून आज बहुतेक तज्ज्ञांचा कल असा की फर्माला मिळालेल्या पाचांपलीकडे सहावी मूळ संख्या नसावी. फर्मा म्हणत होता सगळ्या मूळ, आपण म्हणतो यापुढे एकही नाही. आपल्या बाजूला आकडे पुष्कळ जास्त आहेत हे खरे, पण सिद्धता आपल्याकडेही नाही.

फर्माने ६४ व्या घाताचीही संख्या यादीत घातली होती. बुद्धिबळाच्या पूर्ण पटावरच्या दाण्यांत २ मिळवले की येते ती. तिला २,७४,१७७ ने भाग जातो, आणि हे फोर्त्युने लाँद्रीने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या संख्येपासून दुपटीच्या ३२ व्या पायरीपर्यंत, म्हणजे घातांक २ चा ३२ वा घात होईपर्यंत, सगळ्या संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यांतल्या विसाव्या पायरीवरची ३,१५,६५३ अंकांची. ती फुटते हे पक्के, आणि तिचा एकही विभाजक हाती आलेला नाही. तेहेतिसाव्या पायरीवर मात्र फुटते की नाही हेही ठरलेले नाही. ती संख्या अडीच अब्जांहून अधिक अंकांची आहे. ३ च्या कसोटीला तिथे बत्तीस नव्हे, साडेआठ अब्जांहून अधिक वर्ग करावे लागतील, प्रत्येक अडीच अब्ज अंकांचा. ल्यूकाच्या नियमाप्रमाणे तिचा विभाजक असलाच तर तो ३४,३५,९७,३८,३६८ च्या पटीत १ मिळवून आलेला असणार. त्या माळेतले कितीतरी मणी तपासून झाले, बाकी शून्य अजून आलेली नाही.